भिंतीचा लोणा आणि तोफेची दारू

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्याच्या मागे पूर्वी गोठा होता. त्या बाजूच्या भिंतीच्या पायथ्याशी दर हिवाळ्यात पांढरा, भुसभुशीत थर फुटतो. बोट फिरवले की पिठासारखा गळून पडतो. 'भिंतीला लोणा लागला' म्हणून आपण तो खरवडून टाकतो. आधुनिक इतिहासाला वळण देणारी शस्त्रे कोणती, या चर्चेत रणगाडा, मशीनगन, विमान यांची नावे घेतली जातात. मला मात्र वाटते की त्याआधी या भिंतीकडे पाहावे.

गोठ्यातील मूत्रापासून अमोनिया तयार होतो, मातीतील जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ओलाव्याबरोबर ते भिंतीत चढते आणि पाणी उडून गेल्यावर क्षार पृष्ठभागावर उरतात. या थरात इतर क्षारही असतात, पण अशाच मातीपासून शतकानुशतके सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, काढला गेला. बंदुकीच्या काळ्या दारूत कोळसा आणि गंधक हे इंधन, तर सुमारे तीन चतुर्थांश वाटा सोऱ्याचा असतो. त्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असल्यामुळे बाहेरच्या हवेवाचून, बंद नळीतही, ही दारू क्षणार्धात जळते. खंडेराव गायकवाडांनी चांदीच्या आणि मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा करवून घेतल्या, त्यांचे कौतुक वडोदऱ्यात आजही होते. पण तोफ कोणत्याही धातूची असो, सोऱ्यावाचून ती मुकीच.

बिहारमध्ये नोनिया समाजातील कारागीर ही खारी माती गोळा करून, पाण्यात विरघळवून, आटवून सोरा काढत, आणि तो विकत घेण्यासाठी युरोपीय कंपन्यांनी पाटण्यात वखारी थाटल्या होत्या. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर या व्यापारावर ईस्ट इंडिया कंपनीची पकड बसली. सोऱ्याची टंचाई फ्रान्सला इतकी जाणवली की १७७५ मध्ये बंदुकीच्या दारूच्या कारभारासाठी नवी यंत्रणा उभारून तिच्यात लाव्हाझिएसारख्या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक करण्यात आली.

काळ्या दारूचा एक मोठा दोष होता. जळल्यानंतर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरत असे. त्याने रणांगण धुराने भरे आणि नळीत कीट साचे. १८४६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून स्फोटक कापूस तयार केला आणि १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी त्यापासून धूरविरहित दारू बनवली. त्याच सुमारास आलेली मॅक्सिमची मशीनगन मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या झाडू शकत होती. कीट न साचवणारी ही दारू मिळाल्यावर या मशीनगनचा खरा धाक बसला. १८९८ मध्ये सुदानातील ओमदुर्मान येथे एका सकाळच्या लढाईत ब्रिटिश नेतृत्वाखालील सैन्याच्या माऱ्यात सुमारे १०,००० सुदानी सैनिक मारले गेले.

नव्या दारूला लागणारे नायट्रिक आम्लही नायट्रेटपासूनच बनत असे, आणि एव्हाना सगळ्या जगाची भिस्त चिलीच्या वाळवंटातील नायट्रेटवर होती. १९१४ मध्ये ब्रिटिश आरमाराने जर्मनीचा सागरी मार्ग रोखला, तेव्हा तिचा दारूगोळा लवकरच संपायला हवा होता. तो संपला नाही, आणि त्याचे कारण हवेत होते.

हवेचा ७८ टक्के भाग नत्रवायू, म्हणजे नायट्रोजन, आहे, पण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात की ते सहजासहजी कशाशीच संयोग पावत नाहीत. स्फोटकांची ताकदही यातूनच येते: दुसऱ्या अणूंशी बांधलेले नत्राचे अणू संधी मिळताच पुन्हा एकमेकांना बिलगतात, त्या वेळी प्रचंड ऊर्जा सुटते आणि तापलेला वायू झपाट्याने फुगतो. हा बंध तोडून, नत्राचा हायड्रोजनशी संयोग घडवून, अमोनिया बनवण्याची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रित्स हाबर यांनी १९०९ मध्ये दाखवली. ती कारखान्यात उतरवताना कार्ल बॉश यांच्यापुढे निराळीच अडचण आली. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबाखाली तापलेला हायड्रोजन पोलादातील कार्बन खाऊन टाकत असे आणि जाड नळ्या फुटत. त्यांनी आत मऊ लोखंडाचे अस्तर बसवले आणि झिरपलेला हायड्रोजन निघून जावा म्हणून बाहेरच्या पोलादाला बारीक छिद्रे पाडली. मला या कथेतला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊचा कारखाना सुरू झाला. अमोनियापासून नायट्रिक आम्ल बनवता येत असल्याने चिलीच्या सोऱ्यावाचून जर्मनी १९१८ पर्यंत लढत राहिली.

नागासाकीवर पडलेल्या अणुबॉम्बमध्येही प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी दाबण्याचे काम नत्रयुक्त स्फोटकांनीच केले होते.

आमच्या शहराच्या वेशीवर, बाजव्याजवळ, फर्टिलायझरनगर आहे. तेथील कारखान्यातही हवेतल्या नत्राचा अमोनिया होतो आणि अमोनियाचा युरिया. जगातील जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न आज याच प्रक्रियेतून आलेल्या नत्रावर पिकते. युरियाचे दोन चमचे दाणे पेलाभर पाण्यात टाकून ढवळा. विरघळताना ते उष्णता शोषून घेतात आणि पेला हाताला गार लागतो. त्या दाण्यांच्या वजनात ४६ टक्के नत्र असते.