नादकाट्यांची दोन घराणी

पक्ष्याचे आणि वटवाघळाचे पंख वेगवेगळ्या वाटांनी घडले, एवढे आपण शाळेत शिकतो आणि अभिसारी उत्क्रांतीचा विषय तिथेच मिटतो. मला मात्र तिचे अधिक मनोवेधक उदाहरण काळ्या शेल खडकावर पेन्सिलीने ओढल्यासारख्या दिसणाऱ्या रेघांमध्ये सापडते. या रेघा म्हणजे ग्रॅप्टोलाइट (अर्थात ‘दगडावरचे लिखाण’), चिमुकल्या समुद्री प्राण्यांच्या वसाहतींचे जीवाश्म. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने तर हे नाव जीवाश्मासारख्या केवळ भासणाऱ्या खुणांसाठी वापरले होते. (दगडात ॐ दिसला की हळदकुंकू वाहणाऱ्यांना हे लिखाण न दिसलेलेच बरे.)

भिंगाखाली रेघेला करवतीसारखे दाते दिसतात. प्रत्येक दाता म्हणजे एका चिमुकल्या प्राण्याची नळी. पहिल्या प्राण्याच्या शंकूसारख्या घरट्यातून, म्हणजे सिक्युलातून, एक कळी फुटते, तिच्यातून दुसरी, आणि अशी सगळी वसाहत ऑर्डोव्हिशियन काळातल्या, म्हणजे पंचेचाळीस कोटी वर्षांहून जुन्या, समुद्रात तरंगत वाढते. काही वसाहतींचे दोन हात खाली लोंबत असत, थेट उलट्या धरलेल्या नादकाट्यासारखे.

कॅनडातल्या क्यूबेकमधल्या अशा एका नादकाट्याला जीवाश्मतज्ज्ञ जेम्स हॉल यांनी 1865 मध्ये ‘बायफिडस’ हे नाव दिले. वेल्समध्ये तसेच नादकाटे मिळाले, तेव्हा तेही बायफिडस ठरले आणि तिथल्या थरांच्या एका पट्ट्याला तेच नाव पडले. ग्रॅप्टोलाइट दूरवर पसरत आणि झपाट्याने बदलत, म्हणून खडकांचे वय जुळवण्यासाठी ते सोयीचे. पण नाव चुकले की वेगळ्या वयांचे थर एकाच काळाचे वाटू लागतात.

1980च्या दशकात रॉजर कूपर आणि रिचर्ड फोर्टी या जीवाश्मतज्ज्ञांनी हातांऐवजी बुडाकडे पाहिले. एका शंकूतून दोन हात निघायचे, तर कोणत्या तरी एका नळीला दोन कळ्या फुटाव्याच लागतात. क्यूबेकच्या प्राण्यात ही दुहेरी नळी क्रमाने दुसरी असते, वेल्सच्या प्राण्यात पहिलीच. कळ्या फुटण्याची ही रीत वसाहतीच्या अगदी आरंभी ठरते, म्हणून नाते ओळखायला ती हातांच्या वळणापेक्षा भरवशाची. दोन्ही घराण्यांनी नादकाट्याचा आकार स्वतंत्रपणे, आणि वेगवेगळ्या काळी, गाठला होता. वेल्सच्या जातीला आता ‘आर्टस’ म्हणतात आणि तिचा पट्टाही त्याच नावाने ओळखला जातो.

तरंगणाऱ्या पहिल्या वसाहतींना पुष्कळ फांद्या होत्या. पुढे त्या अनेक घराण्यांत आपापल्या वाटेने कमी होत गेल्या, असा तर्क निकल्सन आणि मार या अभ्यासकांनी 1895 मध्येच मांडला होता. ऑर्डोव्हिशियननंतरच्या सिल्युरियन काळात तर एकच हात असलेल्या वसाहतींचे राज्य आले. त्यांच्यापैकी सर्टोग्रॅप्टसने मात्र पुन्हा फांद्या काढल्या, त्याही नव्या रीतीने: आधीच तयार झालेल्या नळ्यांच्या तोंडापाशी.