न्यूट्रॉन मोजणाऱ्या लिओना वुड्स

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे किरणोत्सार मोजणाऱ्या साध्या गायगर नळीतून तो बहुधा खूण न ठेवता निघून जातो. मग १९४२ साली शिकागोत जगातली पहिली अणुभट्टी रचली जात असताना साखळी प्रक्रिया (एका अणूच्या फुटण्यातून सुटलेल्या न्यूट्रॉनने पुढचे अणू फुटत राहणं) किती जवळ आली, हे कळायचं कसं? लिओना वुड्स यांनी बनवलेल्या नळ्यांवरून. तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या.

धातूच्या नळीत बोरॉन ट्रायफ्लोराइड वायू आणि मधोमध उच्च विद्युतदाबाची बारीक तार. बोरॉन-१० संथ न्यूट्रॉन गिळतं आणि फुटून लिथियम व अल्फा कण देतं. हे कण वायूतले इलेक्ट्रॉन उडवतात, ते तारेकडे धावले की विजेचा एक ठोका उमटतो. गॅमा किरणांचे ठोके त्याहून बारीक असल्याने ते गाळता येतात. भट्टीपाशी हा गुण फार मोलाचा.

खरी कसोटी नळी भरताना. आत जराशी हवा उरली तर ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटेतच पकडतो आणि ठोका दबतो. दमटपणा राहिला तर वायूपासून आम्लं तयार होतात. म्हणून आधी नळी निर्वात करायची, गळती शोधायची, मगच शुद्ध वायू सोडायचा. निर्वात तंत्रात वुड्स यांचा हात बसलेला होता, आणि त्यांना या कामावर घेतलं ते त्यासाठीच.

ग्रॅफाइट-युरेनियमचे थर चढत गेले तशी मोजणीही वाढत गेली. मोजणीचा व्यस्तांक (१ भागिले मोजणी) आलेखावर मांडला की रेषा शून्याला कुठे टेकणार ते दिसायचं: ५७ व्या थरापाशी. २ डिसेंबरला सकाळी प्रक्रिया थांबवणारा सुरक्षा-दांडा अचानक धाडकन आत पडला. तो सुटण्याची मर्यादा फार खाली ठेवली गेली होती. प्रयोगाचे प्रमुख, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी जेवणाची सुट्टी दिली. दुपारी ठोके इतके दाट झाले की ते वेगळे ऐकू येईनात, तेव्हा कागदावर रेघ ओढणाऱ्या यंत्राकडे वळावं लागलं. ३ वाजून २५ मिनिटांनी भट्टी पेटली. शक्ती जेमतेम अर्धा वॅट. हजर असलेल्यांत वुड्स या एकट्याच स्त्री.

पुढच्या वर्षी वुड्स यांचं लग्न झालं. भट्टीवरून काढून टाकतील म्हणून गर्भारपण त्यांनी ढगळ कामाच्या कपड्यांखाली लपवलं, आणि १९४४ मध्ये बाळंतपणानंतर आठवड्याभरात त्या कामावर परतल्या.

त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली हॅनफर्डची मोठी भट्टी सुरू होऊन काही तासांतच विझली, आणि नंतर आपोआप सुधारू लागली. विखंडनातून (अणू फुटण्यातून) आयोडीन-१३५ आणि त्यातून झेनॉन-१३५ बनत होता. तो न्यूट्रॉन गिळण्यात बोरॉनलाही कित्येक पटींनी मागे टाकतो, पण ९ तासांत निम्मा उरतो. सुदैवाने अभियंत्यांनी १५०० ऐवजी २००४ इंधननळ्यांची सोय आधीच करून ठेवली होती. त्या भरल्यावर भट्टी चालली. हॅनफर्डचं प्लुटोनियम पुढे नागासाकीवरच्या बॉम्बमध्ये गेलं.