उच्चशक्ती पॉवरबोट इंजिन

पाणी कापत न जाता पाण्यावर उचलली जाऊन धावणाऱ्या बोटींसाठी बनवलेले, किंवा मुद्दाम ताकद वाढवलेले इंजिन. नुसत्या अश्वशक्तीच्या आकड्यावरून हा प्रकार ठरवणे फसवे आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने उत्सर्जन नियमांत केलेली व्याख्या जास्त नेमकी आहे. तिच्यानुसार इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) वा स्टर्नड्राइव्ह (आत इंजिन, बाहेर पंखा अशा) इंजिनाची ताकद ३७३ किलोवॅटच्या, म्हणजे ५०० अश्वशक्तीच्या वर हवी. शिवाय ताकदीसाठी त्याची रचना अशी केलेली असावी, की ४८० तासांच्या बऱ्याच आधी ते उघडून पुन्हा बांधावे लागेल. वाढीव ताकद इंजिनाच्या आयुष्यातून वजा होते, हे इथे नियमातच मान्य केले आहे. म्हणून दोन इंजिनांची तुलना करताना किती अश्वशक्ती याबरोबर किती तास हेही विचारावे लागते. विक्रीच्या पत्रकांत हा दुसरा आकडा सहसा नसतो.

या इंजिनांचे माहेर अमेरिका, त्यातही मायामी. १९६० साली मायामी–नासाऊ शर्यत डिक बर्ट्रम यांनी 'मॉपी' या बोटीने जिंकली आणि बोटरचनाकार रे हंट यांनी आखलेला खोल 'व्ही' आकाराचा तळ खवळलेल्या समुद्रातही वेग टिकवतो हे सिद्ध झाले. त्याच सुमारास स्टर्नड्राइव्ह आले: इंजिन बोटीच्या आत मागच्या टोकाला, आणि गिअर व पंखा (प्रोपेलर) बाहेर. व्हॉल्वो पेंटाचे ॲक्वामॅटिक १९५९ चे, मर्क्युरीचे मर्क्रुझर १९६१ चे. डॉन ॲरोनॉव यांच्या बोटींच्या कारखान्यांमुळे मायामीचा १८८ वा रस्ता 'थंडरबोट रो' म्हणून गाजला. पुढची कित्येक वर्षे या बोटींत प्रामुख्याने शेवरलेचे मोठे व्ही-८ इंजिन बसत राहिले: आधी ४५४ घनइंची (७.४ लिटर), मग ५०२ घनइंची (८.२ लिटर).

मूळ ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा सांगाडा) मोटारीचा असला तरी मोटारीचे इंजिन उचलून बोटीत बसवता येत नाही. सपाट रस्त्यावर गाडीला वेग धरून ठेवायला इंजिनाच्या ताकदीचा लहानसा हिस्सा पुरतो. बोटीचे इंजिन मात्र दिवसभर घाट चढणाऱ्या गाडीसारखे राबते, उतार कधी येतच नाही. त्यामुळे पिस्टन, व्हॉल्व्ह आणि बेअरिंग जास्त भार सोसणारे लागतात. शिवाय इंजिनाच्या बंद कप्प्यात पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठते. म्हणून स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर न पडू देणारे असतात, आणि कार्ब्युरेटर तुंबला तरी पेट्रोल बाहेर न सांडता आतच पडावे अशी त्याची नळी वळवलेली असते. जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेला मोटारीचा अल्टरनेटर इथे थेट स्फोटाला आमंत्रण ठरतो.

ताकद वाढवण्यात सर्वांत जास्त फसगत कॅमशाफ्टने, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्याने होते. बहुतेक बोटींत थंडाव्याचे पाणी शेवटी एक्झॉस्टमध्येच सोडतात. शर्यतीच्या मोटारीचा कॅम बसवला तर इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात. इंजिन मंद फिरत असताना एक्झॉस्टमधला दाब उलटा हेलकावा घेतो आणि खारे पाणी सिलिंडरपर्यंत ओढले जाते. धक्क्यावर इंजिन नुसते गुरगुरत ठेवले तरी हे नुकसान होते, आणि वेगात असताना त्याचा पत्ताही लागत नाही. पुढे कधीतरी स्पार्क प्लग काढल्यावर टोकाशी गंज दिसतो, तोवर व्हॉल्व्हच्या बैठका खराब झालेल्या असतात. सागरी कॅमच्या उंचवट्यांमधला कोन मुद्दाम मोठा ठेवतात तो यासाठीच. पाणी बरेच पुढे नेऊन सोडणारे लांब, स्टेनलेस स्टीलचे एक्झॉस्टही त्यासाठीच असतात. कॅम बदलायचा असेल तर एक्झॉस्ट आधी बदलावे.

सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) बसवला की ताकद झटकन वाढते, पण इंधनाचा दर्जाही वाढवावा लागतो. पूर्ण थ्रॉटलवर दीर्घकाळ चालताना नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू झाले तर पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. मर्क्युरी रेसिंगच्या १५५०/१३५० इंजिनाला यासाठीच दोन चाव्या दिल्या: एकीने १३५० अश्वशक्ती पंपावरच्या पेट्रोलवर, दुसरीने १५५० शर्यतीच्या इंधनावर. त्याचा पूर्वज असलेले ९ लिटरचे, दोन टर्बोंचे (एक्झॉस्टच्या जोरावर हवा कोंबणाऱ्या यंत्रांचे) १३५० हे इंजिन २०१० साली आले.

वाढीव ताकदीतून वेग किती मिळतो याचा हिशेब निराशाजनक आहे. पाण्यावर धावणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने ताकद भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हे सूत्र बोटरचनाकार जॉर्ज क्राउच यांच्या नावाने ओळखले जाते. ५०० ची ६०० अश्वशक्ती केली तर ताशी १०० किमीची बोट जेमतेम ११० ला पोचते. पेट्रोलवर पूर्ण थ्रॉटलला अश्वशक्तीला दहाने भागले की ताशी किती अमेरिकी गॅलन लागतील याचा अंदाज येतो. म्हणजे ६०० अश्वशक्तीला तासाला सव्वादोनशे लिटर.

त्यामुळे इंजिनाला हात लावण्याआधी पंखा तपासावा. मिनिटाला ५००० फेरे, १.५ चे गिअर आणि २८ इंच पिचचा (न घसरता एका फेऱ्यात २८ इंच पुढे जाणारा) पंखा असेल तर बोट कागदावर ताशी १४२ किमी धावायला हवी. पाण्यात पंखा घसरतो, ती घसरण १२ टक्के धरली तर १२५. प्रत्यक्षात वेग ११० च मिळत असेल तर दोष पंख्यात, त्याच्या उंचीत किंवा तळाला चिकटलेल्या शेवाळात असण्याची शक्यता जास्त. पिच एक इंचाने बदलला की सुमारे १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. ताकद वाढल्यावर गिअरपेटीचाही विचार करावा लागतो. मर्क्रुझरचे अल्फा ड्राइव्ह लहान ब्लॉकसाठी आहे. मोठ्या ब्लॉकची ताकद त्याच्यावर टाकली तर दाते तुटतात, तिथे त्यांचेच जास्त दणकट ब्राव्हो ड्राइव्ह हवे.

आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनांच्या, बाजूला तुलना वेगळ्या अंगाने करावी लागते. मर्क्युरी रेसिंगचे ४५०आर हे ४.६ लिटरचे, सुपरचार्जर असलेले इंजिन सुमारे ३१३ किलोचे आहे. यामाहाच्या ५.६ लिटरच्या, सुपरचार्जर नसलेल्या ४२५ एक्सटीओचे वजन ४३० किलोच्या आसपास भरते. पहिले हलक्या, वेगवान बोटीसाठी आहे. दुसरे मोठा पंखा फिरवून जड बोट ढकलण्यासाठी. दोघांना एकाच तक्त्यात बसवून ताकद आणि वजनाच्या गुणोत्तरावर निकाल लावणे चूक आहे.

महाराष्ट्रात या इंजिनांचा आवाज मोठ्या गर्दीने ऐकला तो मार्च २०१७ मध्ये, मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर झालेल्या पी-वन या पॉवरबोट मालिकेच्या शर्यतीत. तिथे ताकदवाढीला वाव नव्हता. सगळ्या बोटी एकाच साच्याच्या आणि प्रत्येकीवर २५० अश्वशक्तीचे सारखेच आउटबोर्ड होते.