कालनिर्णयवरच्या फुल्या

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या घरी ओट्याशेजारी कालनिर्णय टांगलंय. त्यावर दुधाचा हिशेब आहे, सिलिंडर लावल्याची तारीख आहे आणि निळ्या पेनाने काढलेल्या फुल्या आहेत. फुली म्हणजे त्यांच्या लेकीचं अंग दुखलं तो दिवस. लेक बी.कॉम.ला आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पेशंट, ‘एसएस’. ‘एसएस’ म्हणजे आजार असलेला, ‘एएस’ म्हणजे नुसता वाहक. आमच्या विदर्भात कोण ‘एएस’ आणि कोण ‘एसएस’ हे लोक रक्तगट सांगावा तसं सांगतात. मे महिन्याच्या पानावर मी फुल्या मोजल्या. 13 भरल्या. दवाखान्याच्या फाइलमध्ये मात्र त्या महिन्याची नोंद एकच, सलाइन लावल्याची.

बाकीच्या 12 दिवसांचं काय, असं मी विचारलं.

‘‘दवाखान्यात नेलं का माही चार घरं बुडतात,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘पोट्टी म्हणते, आई थांब जराशी. मग पाणी पाजतो, शेकतो, गोळी देतो. लईच झालं तवा ऑटो करतो.’’

आता समजा, सिकलसेलवर नवं औषध आलं आणि ते चालतं की नाही हे तपासायचंय. अर्ध्या पेशंटना औषध द्यायचं, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, म्हणजे प्लासिबो. इथवर सोपं आहे. पण शेवटी मोजायचं काय? फाइल की कालनिर्णय?

हायड्रॉक्सियुरिया हे औषध आज नागपूरच्या सिकलसेल ओपीडीत रोजचं झालंय. त्याची मोठी चाचणी अमेरिका आणि कॅनडात झाली, 299 प्रौढ पेशंटवर, आणि 1995 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘क्रायसिस’ म्हणजे काय हे आधीच ठरवून टाकलं होतं: दुखणं घेऊन पेशंट दवाखान्यात यायला हवा, तिथे चार तासांहून जास्त थांबायला हवा आणि शक्यतो इंजेक्शनवाटे अफूवर्गातलं वेदनाशामक दिलेलं हवं. त्या मापाने औषधवाल्यांतल्या मधोमधच्या पेशंटला वर्षाला अडीच क्रायसिस आले, प्लासिबोवाल्यांतल्या मधोमधच्याला साडेचार. फरक इतका स्वच्छ होता की चाचणी वेळेआधीच थांबवली.

या व्याख्येला नावं ठेवणं सोपं आहे, पण मला ती प्रामाणिक वाटते. दुखणं थर्मामीटरने मोजता येत नाही. चार तास आणि एक इंजेक्शन या गोष्टी कुणीही कागदावर तपासू शकतो. फक्त त्या व्याख्येत आमच्या मावशींचा मे महिना बसत नाही.

हा फरक किती मोठा आहे ते 2008 मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात 232 सिकलसेल पेशंटना रोज डायरी लिहायला सांगितली होती. महिनोन्‌महिने त्यांनी ती लिहिली. निम्म्याहून जास्त दिवस, म्हणजे जवळजवळ 55 टक्के, दुखण्याचे निघाले. दवाखान्याची पायरी चढली ते दिवस साडेतीन टक्के. हे सगळं अशा देशात, जिथे लोक दुखलं की इमर्जन्सीत जातात असं आपण समजतो.

मग दुखण्याच्या भानगडीत न पडता सरळ रक्त तपासलं तर? एचबी किती, हा आपल्याकडचा आवडता प्रश्न. ‘रक्त वाढलं’ म्हटलं की घरदार खूश. आकडा लॅबमधून येतो, वाद नाही, आणि काही आठवड्यांत कळतो. व्हॉक्सेलोटॉर नावाच्या औषधाची चाचणी याच आकड्यावर बेतली होती. सिकलच्या हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याच्या काड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. हे औषध ऑक्सिजनला हिमोग्लोबिनशी घट्ट धरून ठेवतं. 24 आठवड्यांनी एचबी एक ग्रॅमहून जास्त वाढलेले पेशंट मोठ्या डोसच्या गटात 51 टक्के, प्लासिबोत 7 टक्के. नोव्हेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याला घाईच्या वाटेने मान्यता दिली. क्रायसिस कमी झाल्याचा पक्का पुरावा त्या चाचणीत नव्हता. रक्त वाढलंय म्हणजे पुढे त्रासही कमी होईल, असा हिशेब होता. काही तज्ज्ञ तेव्हाही विचारत होते, की धरून ठेवलेला ऑक्सिजन मेंदूला, स्नायूंना मिळणार कसा?

सप्टेंबर 2024 मध्ये फायझर या कंपनीने हे औषध जगभरातून मागे घेतलं. पुढे जमलेल्या माहितीत औषध घेणाऱ्यांमध्ये क्रायसिस आणि मृत्यू यांचं पारडं जड दिसत होतं.

एचबी इथे बदली खेळाडू होता. असा बदली खेळाडू कधी चांगला खेळतोही. रक्तदाब उतरवला की पक्षाघात टळतात, हे मोठमोठ्या चाचण्यांतून पडताळलेलं आहे. पण ते औषधागणिक पुन्हा बघावं लागतं. हृदयरोगवाल्यांना हा धडा 1989 मध्येच मिळाला होता. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके दाबणारी दोन औषधं डॉक्टर बिनधास्त लिहून देत. ईसीजी छान दिसायचा. चाचणी घेतली तेव्हा औषधाच्या गटात 755 पैकी 63 दगावले, प्लासिबोच्या गटात 743 पैकी 26. ईसीजी काय म्हणतो ते सगळ्यांनी पाहिलं होतं, माणूस जगतो का हे आधी कुणी नीट मोजलं नव्हतं.

मग सगळंच का नाही मोजत? एचबी, क्रायसिस, भरती, घरचं दुखणं, झोप, हजेरी, एकदमच? माझ्या भावाने हेच विचारलं. भाऊ सट्टा खेळत नाही, पण त्याला हिशेब पटकन कळतो. औषधात काडीचाही दम नसला तरी शंभरातल्या पाच वेळा निव्वळ नशिबाने फरक दिसेल, एवढी मुभा आपण साधारणपणे ठेवतो. अशा 20 वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या, तर एखादी तरी नशिबाने ‘लागण्याची’ शक्यता 64 टक्के. मग जी लागली तीच आम्हाला मोजायची होती, असं म्हणायला कोण अडवतंय? म्हणून मुख्य निकष एकच, फार तर दोन, आणि तो पहिला पेशंट घेण्याआधी जाहीर करायचा. आपल्याकडे त्यासाठी सीटीआरआय ही चाचण्यांची सरकारी नोंदवही 2007 पासून आहे, आणि औषधांच्या चाचण्यांना 2009 पासून तिथे नोंद सक्तीची आहे. कुणीही उघडून बघू शकतो, आणि बघावीच.

नागपुरातली एक चाचणी मला म्हणूनच आवडते. 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. आजार जोरात असलेली 60 मुलं, हायड्रॉक्सियुरियाचा कमी डोस, किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम, समोर प्लासिबो. त्यांनी किती क्रायसिस आले, किती वेळा रक्त चढवावं लागलं, किती वेळा भरती व्हावं लागलं हे मोजलं. औषधाच्या गटात तिन्ही घटलं. ज्या आईला रक्ताच्या बाटलीसाठी दाता शोधत फिरावं लागतं, तिला हा निकष समजावून सांगावा लागत नाही.

पण मोजायच्या गोष्टी ठरवताना पेशंटला त्या खोलीत बसवावं, हे सुचायलाही वेळ लागला. संधिवाताच्या चाचण्यांत काय मोजावं हे ठरवणारा तज्ज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय गट 1992 पासून भरत होता. सांधे किती सुजले, किती दुखतात, हे सगळं यादीत होतं. 2002 च्या बैठकीत त्यांनी पहिल्यांदा पेशंटना सोबत घेतलं, आणि ते थकव्याबद्दल बोलू लागले. दहा वर्षं थकवा यादीत नव्हता.

हे वाचल्यावर मी पुन्हा मावशींकडे गेलो. लेक घरीच होती, पुस्तक पुढ्यात घेऊन. तुझ्या आईने किती बारकाईने मांडून ठेवलंय बघ, असं मी कालनिर्णयकडे बोट दाखवून म्हणालो. तिने उठून मे महिन्याचं पान उलटलं आणि फुलीनंतरच्या दोन कोऱ्या चौकटींवर बोट ठेवलं.

‘‘दुखणं थांबलं की आईची फुली थांबते. पण हे दोन दिवस मला उठून बसवत नाही ना. कॉलेज याच्यातच बुडते माझं.’’

मावशी पोळपाट पुसत होत्या. ‘‘मंग सांगाव नं बाई,’’ त्या म्हणाल्या आणि खिडकीतला निळा पेन शोधायला लागल्या.