पीएफ अडवलाय की बुडवलाय?

नोकरी सुटली, जुनी कंपनी फोन उचलत नाही, एचआर ‘बघतो’ म्हणत टोलवतंय. अशा वेळी ‘कंपनीने पीएफ खाल्ला’ असं सरसकट म्हटलं जातं. पण पीएफ काढायच्या फॉर्मवर सही न देणं वेगळं आणि पैसेच न भरणं वेगळं. पहिल्या प्रकारात कंपनीला वळसा घालता येतो, दुसऱ्यात येत नाही.

नेमकं काय झालंय ते पासबुक सांगतं. ईपीएफओ म्हणजे पीएफ सांभाळणारी सरकारी संघटना; तिच्या पासबुक पोर्टलवरून ते काढा आणि पगाराच्या स्लिपा शेजारी ठेवून एकेक महिना जुळवा. भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत करायचा असतो, त्यामुळे शेवटचा महिना लगेच दिसला नाही तर घाबरू नका. पेन्शनचे सदस्य असाल तर मालकाच्या हिश्शातले साधारण 1,250 रुपयांपर्यंत पेन्शनच्या रकान्यात जातात. मालकाचा हिस्सा कमी दिसतो तो त्यामुळे, ती चोरी नव्हे. कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर हिशेब ट्रस्टकडे मागावा लागतो.

सगळे महिने जुळले तर ही नुसती अडवणूक. नोटीस पिरियड भरला नाही, लॅपटॉप दिला नाही, असल्या सबबींची वसुली पीएफमधून करता येत नाही. घोडं अडतं ते बहुतेकदा नोकरी सोडल्याच्या तारखेवर, कंपनी ती नोंदवत नाही. ही तारीख 2020 पासून आपली आपण भरता येते: यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’, मग कंपनी, तारीख, कारण निवडून आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने गेलेले हवेत. आधार, पॅन, बँक खातं पडताळलेलं असेल तर पुढचा दावा ऑनलाइन होतो (पीएफसाठी फॉर्म 19, दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असल्यास पेन्शनसाठी 10-सी), आणि त्यावर कंपनीची सही लागत नाही. पूर्ण रक्कम काढण्यासाठीची बेरोजगारीची मुदत दोनवरून बारा महिने करायचं ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये ठरवलं. दावा टाकण्याआधी लागू नियम पाहून घ्या.

आधार जोडलेलं नसेल तर कागदी, बिगर-आधार फॉर्म. त्यावर मालकाची साक्षांकित सही लागते. तो देत नसेल तर बँक मॅनेजर, राजपत्रित अधिकारी किंवा पोस्टमास्तर यांची घ्या आणि मालकाने नकार दिल्याचं पत्र जोडा. फॉर्म तुम्ही राहता तिथल्या नाही, तर कंपनीचं खातं आहे त्या कार्यालयात जातो. मेंबर आयडीची (त्या कंपनीतल्या तुमच्या पीएफ खात्याच्या क्रमांकाची) पहिली अक्षरं बघा: ‘एमएचबीएएन’ म्हणजे वांद्रे, ‘पीयूपीयूएन’ म्हणजे पुणे.

आता बुडवणूक. स्लिपमध्ये कपात आहे, पासबुकात नोंद नाही. इथे घाईने ‘मार्क एक्झिट’ करणं अंगाशी येतं. पोर्टल तारीख घेतं ती शेवटचा भरणा झालेल्या महिन्यातलीच. समजा तुम्ही जुलैपर्यंत काम केलंत, कंपनीने मार्चपासून भरणा थांबवला. मग तुमच्याच हाताने ‘नोकरी फेब्रुवारीत सोडली’ अशी नोंद होते आणि उरलेल्या पाच महिन्यांचं भांडण कमजोर पडतं. म्हणून तारीख टाकण्याआधी नीट विचार करा.

तर आधी तक्रार. ईपीएफआयजीएमएस या ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर यूएएनसह ती नोंदवा. नेमणूकपत्र, कपात दाखवणाऱ्या स्लिपा, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जोडा. ‘पीएफ मिळाला नाही’ असं मोघम लिहिलंत तर ‘दावा दाखल करा’ एवढंच उत्तर येऊ शकतं. ‘मार्च ते जुलै, कपात दरमहा 1,800, भरणा शून्य’ असं लिहा. थकबाकी ठरवून वसूल करण्याचे, त्यासाठी कंपनीचं बँक खातं गोठवण्याचे अधिकार ईपीएफओकडे आहेत. उशिरावर मालकाला वर्षाला 12 टक्के व्याज, शिवाय दंड पडतो. पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो, त्याची फिर्याद पोलिसांतही होऊ शकते. पावती क्रमांक जपून ठेवा. तक्रार उत्तराशिवाय बंद झाली तर पुन्हा नोंदवताना तो लागतो.