वचन बुडाले, कागद उरला : अमेरिकेतील जुन्या आर्थिक दस्तऐवजांच्या संग्रहाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील जुने कर्जरोखे, शेअर सर्टिफिकेटे, बँकांच्या नोटा आणि वचनचिठ्ठ्या जमवणाऱ्यांच्या हाती आज जे कागद येतात, त्यांतील पुष्कळसे कोणाचे तरी पैसे बुडाले म्हणून शिल्लक राहिलेले आहेत. ज्या रोख्याची मुदत भरून रक्कम चुकती झाली तो देणेकऱ्याकडे परत जाई, शिक्का मारून किंवा भोके पाडून रद्द होई आणि बहुधा नष्टही केला जाई. ज्याचे पैसे मिळण्याची आशा संपली तो मात्र ‘असू द्या, पुढेमागे काही हाती लागेल’ या विचाराने पेटीच्या तळाशी पडून राही. ही गोष्ट ध्यानात घेतली नाही तर या छंदाचा इतिहास नीट उलगडत नाही.

त्याची सुरुवात थेट स्वातंत्र्ययुद्धापासून करता येते. कर बसवण्याचा अधिकार नसलेल्या काँटिनेंटल काँग्रेसने (वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने) जून १७७५ मध्ये युद्धखर्चासाठी कागदी चलन काढण्याचा ठराव केला. या नोटा फिलाडेल्फियातील हॉल अँड सेलर्स यांच्या छापखान्यात तयार झाल्या. झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा घेऊन त्याच्या शिरांचे जाळे नोटेच्या पाठीवर उमटवण्याची युक्ती बेंजामिन फ्रँकलिनने वसाहतींच्या नोटांसाठी आधीच योजली होती. तीच येथेही वापरली गेली, कारण दोन पानांच्या शिरा कधीच सारख्या नसतात. नोटांवर सह्याही हाताने केल्या जात. तरीही इंग्रजांनी बनावट नोटा पसरवल्याच, आणि १७७९ अखेरपर्यंत सुमारे २४ कोटी डॉलरचे चलन बाहेर पडल्यामुळे त्याचे मोल वेगाने घसरत गेले. अखेर १७९० च्या कायद्याने अशा १०० डॉलरच्या नोटांमागे १ डॉलरचा सरकारी रोखा देऊ केला. ‘काँटिनेंटलइतकीही किंमत नाही’ हा अमेरिकी वाक्प्रचार त्या अनुभवातून आला. युद्धाचा खर्च उभा करणारा रॉबर्ट मॉरिस याची कहाणी अधिकच चटका लावणारी आहे. त्याच्या सहीची १७९५ ची नॉर्थ अमेरिकन लँड कंपनीची भागपत्रे आज संग्राहक आवर्जून शोधतात; पण ज्याने राष्ट्राची पत सांभाळली तो मॉरिस जमिनींच्या सट्ट्यात बुडून १७९८ मध्ये कर्जदारांच्या तुरुंगात गेला.

पुढे १८३७ पासून अनेक राज्यांत बँक काढणे सोपे झाले आणि शेकडो बँकांनी आपापल्या नोटा छापल्या. खऱ्याखोट्या नोटा ओळखण्यासाठी व्यापाऱ्यांना नियतकालिके बाळगावी लागत. १८६३ च्या राष्ट्रीय बँक कायद्यानंतर राज्यांतील बँकांच्या नोटांवर १० टक्के कर बसला आणि त्यांचा काळ संपला. या नोटांवर आगगाड्या, गलबते, शेतकरी दिसतात; दक्षिणेतील नोटांवर कापूस वेचणारे गुलामही दिसतात. ती चित्रे केवळ शोभेची म्हणून पाहू नयेत. त्या बँकांची संपत्ती कोणाच्या श्रमावर उभी होती याचा तो त्यांनीच छापून ठेवलेला पुरावा आहे.

हे कोरीवकाम करणाऱ्या सात छपाई संस्था १८५८ मध्ये एकत्र येऊन अमेरिकन बँक नोट कंपनी स्थापन झाली. पोलादी पट्टीवर हाताने कोरलेला माणसाचा चेहरा आणि त्वचेवरील छायाप्रकाश यांची नक्कल करणे भल्याभल्यांना जमत नसे, म्हणून सर्टिफिकेटांवर देवता, कामगार, प्रवासी अशा मानवी आकृती आल्या. रेल्वे कंपन्यांच्या कागदांत ही कला सर्वाधिक बहरली. अर्थात सुंदर छपाईने पत येत नाही, हे १८६८ च्या ईरी रेल्वेच्या झगड्यात सिद्ध झाले. रेल्वेसम्राट व्हँडरबिल्टच्या हाती कंपनी जाऊ नये म्हणून तिचे संचालक ड्रू, गुल्ड आणि फिस्क यांनी नवनवे शेअर छापून बाजारात ओतले. ज्या कागदांचे मोल त्यांच्यावरील सह्यांमुळे टिकले, त्यांत जॉन रॉकफेलरने अध्यक्ष आणि हेन्री फ्लॅगलरने चिटणीस या नात्याने सही केलेली स्टँडर्ड ऑइलची, तसेच हेन्री वेल्स आणि विल्यम फार्गो यांच्या सह्यांची अमेरिकन एक्सप्रेसची सर्टिफिकेटे आघाडीवर आहेत.

यादवी युद्धाने या संग्रहाला दोन मोठी दालने दिली. उत्तरेच्या सरकारने १८६२ मध्ये चेक, गहाणखते, करार यांच्यावर महसुली तिकीट लावणे सक्तीचे केले; वापरणाऱ्याने त्यावर आद्याक्षरे व तारीख लिहून ते रद्द करायचे असे. पुढे तिकिटांच्या हौशी मंडळींनी ही तिकिटे पाण्यात भिजवून सोडवली आणि सह्या जमवणाऱ्यांनी सह्या कापून घेतल्या. अशा प्रकारे किती दस्तऐवज विद्रूप झाले याची हळहळ वाटते. दक्षिणेच्या फुटून निघालेल्या राज्यांनी १८६३ मध्ये पॅरिसच्या एर्लँगर पेढीमार्फत युरोपात ३० लाख पौंडांचे, कापसाच्या तारणावरचे ७ टक्क्यांचे कर्ज उभारले. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने दक्षिणेची सारी युद्धकर्जे बेकायदा ठरवली, आणि म्हणूनच आज त्या रोख्यांना बहुतेक व्याजकूपने (व्याज घेताना कापून द्यायच्या चिठ्ठ्या) न कापलेल्या अवस्थेत चिकटलेली दिसतात. दक्षिणेची बंदरे रोखली गेल्याने इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांनी भारतातील ज्या कापसासाठी धाव घेतली, त्याने मुंबईत पैशाचा पूर आणला. १८६५ मध्ये युद्ध संपताच बॅक बेच्या भरावाच्या कंपनीसह अनेकांचे शेअर तेथेही मातीमोल झाले.

मेलेल्या कागदाकडे लक्ष देणारा धंदा न्यूयॉर्कमध्ये १८८० मध्ये रोलंड स्माइथ याने सुरू केला. घरात सापडलेला जुना रोखा बुडीत कंपनीचा आहे, की विलीनीकरणानंतर त्यावर अजून काही हक्क उरला आहे, हे शोधून देणे हे त्याचे काम होते, आणि त्याच्या यादीचे पुस्तक १९०४ मध्ये निघाले. संग्रहाचा छंद मात्र पुष्कळ उशिरा आला. १९६८ मध्ये व्यवहार इतके वाढले की सर्टिफिकेटे पोचवता पोचवता दलालांच्या पेढ्या थकल्या आणि न्यूयॉर्कचा शेअर बाजार बुधवारी बंद ठेवावा लागला. त्यावरचा उपाय म्हणून १९७३ मध्ये डिपॉझिटरी ट्रस्ट कंपनी सुरू झाली. सर्टिफिकेटे तिजोरीत स्थिर राहू लागली आणि मालकी फक्त खातेवहीत बदलू लागली. याच दशकात जर्मनी आणि ब्रिटनमध्ये जुन्या रोख्यांचा संग्रह जोमाने वाढला, त्याला ‘स्क्रिपोफिली’ असे नाव मिळाले आणि १९७८ मध्ये लंडनमध्ये संग्राहकांची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. वॉल स्ट्रीटच्या परिसरात १९८८ मध्ये आर्थिक इतिहासाचे संग्रहालयही निघाले.

संग्राहकाचे मोल आणि कागदावर छापलेली रक्कम यांतील फरक न कळल्याने १९९० च्या दशकात मोठी फसवणूक झाली. जुन्या रेल्वे रोख्यांवर ‘सोन्यात देय’ असे छापलेले असल्याने त्यांची किंमत आता कित्येक पटींनी वाढली आहे, असे सांगून ते भोळ्या गुंतवणूकदारांच्या गळ्यात मारले गेले. वस्तुतः १९३३ मध्येच अमेरिकी काँग्रेसने सोन्यात फेड मागण्याचा हक्क रद्द केला होता, आणि अर्थखात्याला तसेच बाजार नियामकाला जाहीर इशारे द्यावे लागले. नवा माल आता फारसा येणार नाही : डिस्नेसारख्या, मुलांच्या नावाने हौसेने शेअर घेतल्या जाणाऱ्या कंपनीनेही २०१३ मध्ये कागदी सर्टिफिकेट देणे थांबवले.