पांढऱ्या वेलगुलाबाची फांदी आडवी का बांधायची?

तुरीचा शेंडा खुडला की बाजूचे फुटवे जोर धरतात, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. अंगणातल्या कुंपणावर पांढरा वेलगुलाब लावायचा असेल, तर हेच ज्ञान कामी येतं. फक्त इथे शेंडा खुडायचा नाही, फांदी आडवी करायची.

झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खोडातून खाली उतरत राहतं. हा प्रवाह चालू असेतो खालचे डोळे दबून राहतात. १९३०च्या दशकात थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे छाटले आणि कापलेल्या जागी ऑक्झिन लावलं. शेंडा नसूनही बाजूचे डोळे फुटले नाहीत! वेलगुलाबाची फांदी सरळ वर जाऊ दिली तर फुलं टोकालाच येतात, खाली नुसता दांडा उरतो. तीच फांदी आडवी बांधली की शेंड्याचा वरचष्मा कमी होतो, पानांच्या बेचक्यातले डोळे ओळीने फुटतात आणि प्रत्येक फुटवा फुलावर येतो.

गुलाबाला कारल्यासारखे ताणे नसतात, म्हणून तो स्वतः काही धरत नाही. सुतळीने सैल बांधावा लागतो. यंदाची हिरवी फांदी सहज वाकते, जुनी कडकन मोडते. आपल्याकडे गुलाबाचा खरा बहर हिवाळ्यातला, तेव्हा पाऊस ओसरला की ऑक्टोबरात हे काम उरकावं. कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा मात्र लगेच काढा, तो खुंटाच्या जंगली गुलाबाचा असतो.

जात निवडायची तर मी ‘आइसबर्ग’चा वेल सुचवेन. मूळ झुडूप जर्मनीच्या कॉर्डेस यांनी १९५८ साली आणलं. याला काटे कमी, त्यामुळे बांधताना हात सोलत नाहीत.

काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळं गुदमरतात. मुरूम आणि शेणखत मिसळून उंचवटा करा, त्यावर रोप लावा. जमीन चुनखडीची असेल तर लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर हेच कारण समजा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून वेल घराच्या पूर्वेला हवा आणि आळ्यात सोयाबीनचं कुटार पसरलेलं हवं.

आता त्या पांढऱ्या रंगाचं. पाकळीत पांढरं रंगद्रव्य नसतंच. पेशींमधल्या हवेच्या बारीक पोकळ्यांमुळे प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि पाकळी पांढरी दिसते. एक पाकळी चिमटीत घट्ट दाबून पाहा. हवा निघून जाते आणि दाबलेला भाग काचेसारखा आरपार दिसतो. फुलकिडे पाकळी खरवडून रस शोषतात तेव्हा पेशी मरतात आणि कडा तपकिरी होतात. लाल फुलावर हे चटकन कळत नाही, पांढऱ्यावर लगेच दिसतं. शंका आली तर फूल कागदावर झटका. मिलिमीटरभर लांबीचे, सरपटणारे पिवळसर जीव पडले तर ते फुलकिडेच. मिरची लावणाऱ्यांच्या ते ओळखीचे असतात.